खांद्याच्या उंचीवरची काच

काचेची पट्टी वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद होती. तिची दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत रुतवलेली, आणि मधला उघडा भाग भिंतीतल्या भेगेवरून छोट्या पुलासारखा गेलेला. भेग वरून खाली उतरताना किंचित डावीकडे झुकत होती. काचेतली चीर तशी झुकत नव्हती. खरं म्हणजे ती एक चीर नव्हतीच. भेगेच्या उजवीकडे, नखभर अंतरावर, मोहरीएवढा पांढुरका ठिपका होता, आणि त्यातून केसासारख्या रेषा फाकून पट्टीच्या कडांपर्यंत गेल्या होत्या. तिने चष्मा कपाळावर सरकवला, नाक जवळजवळ भिंतीला लावलं आणि करंगळीचं नख त्या रेषांवरून अलगद फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. तुकडे एकमेकांना चिकटून, एका पातळीत, जागच्या जागी बसले होते. ठिपक्याशी मात्र बारीकसा खळगा लागला आणि नखाच्या टोकावर पिठासारखं काहीतरी आलं. तिने बोट उजेडाकडे धरलं. काचेचा चुरा होता. तिने तो रुमालाला पुसला, रुमालाची घडी घातली.

सकाळी नवऱ्याने टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं होतं, "तुझी काच गेली." दूध नासलं म्हणावं, किंवा दिवे गेले म्हणावं, तसं. ती चहा गाळत होती. गाळणं हललं आणि चहाची एक धार ओट्यावर गेली, एवढंच. "कुठली काच?" तिने विचारलं, जरी या शहरात तिची म्हणता येईल अशी काच एकाच ठिकाणी होती. "नाट्यगृहाची. मागच्या भिंतीवरची. फुटली. आता तरी बघू म्हणू नकोस. बघून झालं." आणि तो हसला, त्यात वाईट काही नव्हतं, सवयीचंच हसू होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो तिला बघूबाई म्हणत आला होता, कारण पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपासून मुलीला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत कशावरही तिचं पहिलं उत्तर 'बघू' असायचं. मुलगी मोठी झाली, परगावी नोकरीला लागली, आणि तीही फोनवर म्हणायची, "आई, तुझ्या बघूला पेन्शन दे आता." कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की इतरांनी बघू म्हटलं की विषय संपतो, आणि ती बघू म्हणाली की दुसऱ्या दिवशी खरोखर बघायला जाते. पडद्याचं कापड तिने खिडकीत टांगून उन्हात किती उडतं ते पाहिलं होतं. मुलीच्या शाळेत ती मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभी राहिली होती, आतला गलका कसला आहे ते ऐकत. पण बघणं झाल्यावर काय दिसलं ते सांगायची पाळी यायची, आणि तोवर पडदे लागलेले असायचे, शाळा सुरू झालेली असायची.

जुन्या वास्तू पाडायच्या की ठेवायच्या हे ठरवणारी समिती नाट्यगृहाशी अकराला यायची होती. ती घरातून तासभर आधीच निघाली आणि बस न घेता नदीकाठच्या रस्त्याने चालत आली. उजव्या हाताला कठडा, कठड्याखाली संथ, मातकट पाणी, आणि डाव्या हाताला शहराने जपलेल्या आणि जपता जपता बदललेल्या वास्तू एकामागून एक. जुन्या पुलाच्या कमानी घासून इतक्या उजळ केल्या होत्या की काल बांधल्यासारख्या वाटत. पुढे घड्याळाचा मनोरा. पूर्वी त्यातलं घड्याळ थोडं पुढे असायचं. पैलतीराला जाणारी नाव वेळेवर सुटे, लोक मात्र धापा टाकत येत, म्हणून कुण्या भल्या माणसाने कधीतरी काटे पुढे सरकवले होते, आणि पुढे नाव बंद झाली तरी साऱ्या शहराने वर बघून मनातल्या मनात वजाबाकी करायची सवय सोडली नव्हती. दुरुस्तीत ते बरोबर केलं गेलं. आता घड्याळ अचूक आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. घंटाही खाली उतरवून ठेवली आहे. ठोके स्पीकरमधून पडतात. मनोऱ्याची ती सगळी दुरुस्ती तिच्या वास्तुरचनाकार नवऱ्याची. मनोऱ्याचे दगड तिने प्रयोगशाळेत तपासले होते. दगड उत्तम होते, तसं तिने सांगितलंही होतं. घंटेबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. मग जुनं जकातघर, ज्याचं आता संग्रहालय झालं आहे. हमालांच्या पावलांनी वाटीसारखी झिजलेली तिथली पहिली पायरी काढून आत दिव्याखाली, काचेच्या पेटीत ठेवली आहे, आणि माणसं तिच्या जागी बसवलेल्या सपाट पायरीवरून चढून ती बघायला जातात. तीही एकदा गेली होती. पेटीपाशी उभं राहून तिला वाटलं होतं, ही पायरी आता कधीच झिजणार नाही; म्हणजे ती मेली.

नाट्यगृह या रांगेत शेवटचं. त्याचा दर्शनी भाग रस्त्याकडे आणि पाठ नदीकडे. पाठीची भिंत म्हणजेच रंगमंचाची मागची भिंत, आणि भांडण होतं ते या भिंतीचं. नवऱ्याच्या आराखड्यात ती पाडून तिथे काच यायची होती, वरपासून खालपर्यंत. प्रेक्षक खुर्चीत बसणार आणि नटांच्या मागे खरी नदी वाहणार, संध्याकाळचा उजेड पाण्यावर, दिवे लागत जाणार. "नदीच नेपथ्य होईल," तो म्हणाला होता, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा इतका तरुण झाला होता की तिला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. कल्पना सुंदर होती. तिने तसं म्हटलंही. "पण भिंत?" तिने विचारलं. "भिंत चालली आहे गं नदीत. भेग बघितलीस ना?" भेग होती. भेग तिच्या लहानपणीही होती. म्हणून समितीने तिला सांगितलं की तुम्ही तपासा, भिंत सरकते आहे की नाही. त्यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत. भेगेवर पातळ काच आडवी चिकटवायची. भिंत केसभर सरकली तरी काच ताणाने तुटते, भेगेच्याच वर तुटते, भेगेच्याच दिशेने तुटते, आणि दोन तुकड्यांत फट पडते. तिने तीन काचा लावल्या होत्या: एक गुडघ्याशी, एक खांद्याशी, एक शिडी लावून अगदी वर. मग नदी चढली, उतरली, पुन्हा चढली. थंडीत दगड आकसले, उन्हात फुगले. वर्षाचं सगळं चक्र भिंतीवरून फिरून गेलं आणि काचा जशाच्या तशा होत्या.

म्हणजे तिला महिन्यापूर्वीच उत्तर मिळालं होतं. समितीच्या अध्यक्षांनी फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आणखी थोडं बघू." शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती, आणखी थोडं बघण्यात शास्त्राच्या दृष्टीने कधीच चूक नसते. फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. आतल्या खोलीत नवरा शीळ घालत आराखड्यातल्या काचेला निळा रंग देत होता.

ती भिंतीपासून दोन पावलं मागे सरकली. रंगमंचामागच्या या अरुंद बोळात तिचं अर्धं बालपण गेलं होतं. आई इथली शिंपीण. नटांचे कपडे शिवणं, उसवणं, एका अंगावरून काढून दुसऱ्या अंगाला बसवणं हे आईचं काम, आणि शाळेतून सुटल्यावर आईच्या मशीनखाली बसून सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करणं हे तिचं. प्रवेशाची वाट बघताना नट भिंतीला पाठ लावून उभे राहत. तळहातही मागे, दगडावर सपाट. राजा असो की चोर, सगळ्यांची उभं राहण्याची तऱ्हा एकच. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. पिढ्यान् पिढ्या पाठी आणि तळहात घासून खांद्याखालचा दगड काळा आणि गुळगुळीत झाला होता. त्याच्या वरच्या भागाला चुन्याची सफेदी, आणि उंच माणसांच्या खांद्यांना ती लागायची. म्हणून आई कपड्यांचा ब्रश घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी असायची. "पाठ फिरवा," ती म्हणायची, आणि महाराजसुद्धा निमूट पाठ फिरवायचे. "भिंतीला टेकू नका म्हणून किती सांगायचं? ती काय तुमची सासुरवाडी आहे?" "मावशी, सासुरवाडीत कोण टेकू देतंय," एकदा एक जाडा विनोदी नट म्हणाला होता, आणि आई तोंडात टाचण्या धरून इतकी हसली होती की लहानगी ती घाबरली होती. आईकडे फाटलेलं कापड आलं की आई आधी ते उजेडात धरायची आणि धाग्यांची टोकं बघायची. ताणाने फाटलेल्या कापडाचे धागे लांब-आखूड असतात, विस्कटलेले. अडकून, खिळ्याने फाटलं की भोकापासून सुरुवात होते. आणि कात्री लागलेली असली तर धागे शहाण्या मुलांसारखे एका उंचीचे. "आपोआप फाटलं, मावशी," असं सगळेच सांगायचे. आई मान डोलवायची, काही बोलायची नाही, पण ठिगळ लावायचं की शिवण घालायची हे कापडाला विचारून ठरवायची, माणसाला विचारून नाही. पुढे कॉलेजात पदार्थ कसे तुटतात हा विषय शिकताना तिला कधी परकं वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचा तुटका तुकडा होता आणि तिच्या कानात आईचं मशीन चालू होतं.

ते मशीन. घर बदललं त्या वर्षी ते गेलं. ओतीव लोखंडाचं, काळं, सोनेरी नक्षी पुसत आलेलं. ती प्रयोगशाळेतून नव्या घरी पोचली तेव्हा मशीन जिन्याखाली आडवं होतं आणि त्याची मान तुटलेली. "आधीच चिरलं होतं गं ते," नवरा म्हणाला. "उचलताना कळलं. ठेवून काय करणार?" तिने वाकून तुटलेली बाजू पाहिली. जुन्या चिरेत गंज शिरतो, तेल शिरतं, ती तपकिरी होते. ही कड ताजी होती, साखरेच्या खड्यासारखी चमकणारी, अगदी टोकापासून टोकापर्यंत. पडलं असेल. हमालांच्या हातून, किंवा त्याच्या. पडू शकतं, मशीन जड होतं, जिना अरुंद होता. मोडल्याचं दुःख तिला झालंच, पण ते एका संध्याकाळचं होतं. जे गेलं नाही, अन्नातल्या खड्यासारखं पुन्हा पुन्हा दाताखाली येत राहिलं, ते मोडणं नव्हतं, तो 'आधीच' होता. त्या एका शब्दाने मशीन तिच्या आईच्या काळापासूनच मोडकं झालं, आणि इतकी वर्षं ज्यावर शिवलं गेलं ते सगळं जणू चुकून शिवलं गेलं होतं. ती तेव्हा काय म्हणाली? ती म्हणाली, "बघू, दुरुस्त होतं का." आणि तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला.

आता तिने वर पाहिलं. सर्वांत वरची काच अखंड होती, तिच्यावर कोळ्याने एक धागासुद्धा ताणून ठेवला होता. ती गुडघ्यांवर बसली. खालची काच अखंड. फुटली होती ती खांद्याच्या उंचीवरची, जिथे उभ्या माणसाचा हात सहज पोचतो. भिंत नदीकडे झुकली असती तर पहिली वरची गेली असती. भिंतीला खांदे नसतात. हे इतकं सरळ होतं की तिला क्षणभर हसू आलं, आणि मग शनिवार आठवला. शनिवारी तो घरी आला तेव्हा कोटाच्या उजव्या बाहीला पांढरं लागलं होतं. "हात पुढे करा," ती म्हणाली होती आणि ब्रशने तिने स्वतःच ते झटकलं होतं. "मनोऱ्यात गेलो होतो," तो म्हणाला, न विचारता. मनोऱ्यात दुरुस्तीपासून सगळा उघडा दगड आहे. चुना नावालाही नाही. हे तिला शनिवारीही माहीत असायला हवं होतं. ब्रश फिरवणाऱ्या हाताला कदाचित माहीत होतंही.

त्याच्या खिशात नेहमी एक छोटी हातोडी असते. एक तोंड चपटं, दुसरं टोकदार. भिंत पोकळ आहे की भरीव हे तो ठोकून, कान देऊन ओळखतो, आणि ती सवय इतकी मुरलेली की तो सगळंच ठोकतो: बाजारातलं कलिंगड, लोकांच्या घरचे दरवाजे, टेबलावरचा पेला. मुलगी लहान असताना तिच्या कपाळावर बोटाच्या पेराने ठोकून म्हणायचा, "आत कुणी आहे का?" आणि मुलगी किंचाळून म्हणायची, "कुणी नाही." म्हणून त्याने काच मुद्दाम फोडली असेल असं तिला वाटेना. तो इथे आला असेल, एकटाच, भेगेकडे बघत, निळ्या काचेची स्वप्नं बघत. हात खिशात गेला असेल. टक. आणि काचेत चांदणी उमटली असेल. मग तो थोडा वेळ तसाच उभा राहिला असेल. त्या थोड्या वेळाचं तिला नेमकं चित्र दिसलं, कारण असे थोडे वेळ तिने बऱ्याच वर्षांत शेजारी राहून ओळखले होते. अशा वेळी तो खोटं बोलायचं ठरवत नाही. तो फक्त घडलेल्या गोष्टीला थोडं मागे सरकवतो, आधीच्या खात्यात टाकतो, आणि दाराबाहेर पडेपर्यंत त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसलेला असतो. काच फुटली. म्हणजे भिंत सरकली. म्हणजे ती आधीच सरकत होती. आपण म्हणतच होतो. सकाळी लोणी लावताना त्याच्या आवाजात काही लपवल्याची खूण नव्हती, आणि तिला भीती वाटली ती त्या नसण्याचीच. मग जे वाटलं त्याला राग म्हणावा तर राग गरम असतो. हे थंड होतं, दगडासारखं, आणि त्याला टेकून उभं राहता येईल असं वाटत होतं. तिने पाठ फिरवली, भिंतीला टेकली, तळहात मागे नेऊन सपाट ठेवले, आणि डोळे मिटले. दगड ओलसर होता. त्याच्या पलीकडे नदी होती. इतक्या वर्षांत ती इथे अशी कधी उभी राहिली नव्हती. आईने राहू दिलं नसतं.

"कोण आहे आत?" पडदेवाल्यांचा आवाज आला. नाट्यगृहात आता ते एकटेच कायमचे नोकर होते, वयाने आईच्या आणि तिच्या मधले. "तू होय. मला वाटलं आईच आली तुझी. आले बघ ते तिघे. पडदा उघडू?" "कशाला?" "समिती येते तेव्हा मी उघडतो. मेलेल्याला बघायला आले तरी तोंडावरची चादर काढावीच लागते." आणि ते दोराकडे गेले. पडदा कुरकुरत दोन्हीकडे सरकला आणि रिकाम्या खुर्च्यांचा अंधार आत आला.

समितीत ती धरून तिघे होते. अध्यक्ष इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मऊ बोलणारे, एका कानात यंत्र. दुसरे वकील, ज्यांना प्रत्येक वास्तूत आपली एक तरी आठवण सापडायची. तिसरी ती. नवरा आज आराखडा मांडणारा म्हणून आलेला. त्याला मताचा अधिकार नव्हता. तिची नेमणूक झाली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं होतं की या कामात माझा नवरा आहे. अध्यक्ष म्हणाले होते, उलट बरंच, घरातल्या घरात चर्चा होईल. समितीचा एक जुना नियम होता, पहिल्या अध्यक्षांनी घातलेला आणि कुणीच न मोडलेला. मत कागदावर द्यायचं नाही. वास्तूसमोर उभं राहून, तिच्याकडे तोंड करून, मोठ्याने बोलायचं. ज्याला पाडायचं त्याच्या तोंडावर सांगा. आणि पाडायचं तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. एकाने नाही म्हटलं तरी वास्तू उभी राहते. नियमाप्रमाणे वयाने मोठा आधी बोलतो, म्हणून ती नेहमी शेवटी बोलायची, आणि तिच्यापर्यंत येईतो सगळं ठरलेलं असायचं.

"तू चालत आलीस? मी गाडीतून आणलं असतं," नवरा म्हणाला. त्याने पुढे होऊन काचेकडे बोट दाखवलं. "ही बघा, सर. मी वर्षभर सांगतोय." अध्यक्षांनी चष्मा बदलला, पाहिलं, हळहळले. "अरेरे. फुटली खरी." वकील खांद्यावरची सफेदी झटकत म्हणाले, "साहेब, या भिंतीने आम्हाला चुना लावला. मी इथे पहिलं नाटक पाहिलं, आजोबांच्या मांडीवर. दुसऱ्या अंकात झोपलो." "नवी झाल्यावर नाही झोप लागणार तुम्हाला," नवरा म्हणाला. "पुढे नदी असेल." "नदी बघून तर हमखास लागेल." सगळे हसले. अंधारात खुर्च्यांनी ते हसू जरा उशिरा परत दिलं.

अध्यक्ष भिंतीसमोर उभे राहिले, हात जोडावेत की नाही या विचारात असल्यासारखे, आणि म्हणाले, "तू पुष्कळ केलंस. आता पडावंस. माझी संमती आहे." वकील म्हणाले, "जड मनाने, पण संमती." दोघेही बाजूला सरले आणि तिच्यासाठी जागा झाली.

"बघूबाई," नवरा हलकेच म्हणाला. "चल, जेवायला बाहेर जाऊ यानंतर."

ती भिंतीकडे गेली नाही. आधी ती काचेपाशी गेली. "तिन्ही काचांतली ही एकच फुटली आहे," ती म्हणाली. "वरची नाही, खालची नाही. भिंत सरकली तर फट पडते. इथे फट नाही, नख फिरवून बघा. ताणाने काच तुटते तेव्हा चीर भेगेवरून जाते. ही बाजूच्या एका बिंदूतून निघाली आहे, आणि त्या बिंदूशी काचेचा चुरा आहे. इथे टोकदार काहीतरी लागलं आहे." तिचा आवाज वर्गात शिकवणाऱ्याचा असतो तसा होता. वकिलांनी खरंच नख फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा थोडा गंभीर झाला.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं. "कुणाचा तरी धक्का लागला असेल. एखादी शिडी, एखादं सामान. म्हणून भेग खोटी होते का?"

"भेग खरी आहे. ती माझ्या लहानपणीही एवढीच होती. मी म्हणते ते काचेबद्दल."

"कुणी फोडली म्हणतेस मग? मी?"

तो हसतच म्हणाला. हात मात्र कोटाच्या खिशावर गेला होता, बाहेरून, खिशात काही आहे की नाही हे चाचपावं तसा. त्याचं त्याला कळलं असावं, कारण हात तिथेच थांबला. आणि तिच्या डोळ्यांसमोर त्याच्या चेहऱ्यावर तो शनिवारचा थोडा वेळ पुन्हा आला. फक्त या वेळी तो एकटा नव्हता. गोष्ट मागे सरकवायला जागा नव्हती. मागे ती उभी होती.

"हो," ती म्हणाली. "हातोडीने. सवयीने ठोकली असेल तुम्ही."

पडदेवाले दोराशी उभे होते, ते उगाच दोराची गाठ तपासू लागले. नवऱ्याच्या मानेवर लाल रंग चढत गेला. "अगं," तो म्हणाला, आणि त्याने हात खिशावरून खाली घेतला. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याने काही बदललं नाही, याचंच तिला नवल वाटलं. आजवर दया आली की सगळं बदलायचं. चहा गार व्हायच्या आत ती दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं. त्यांनी आयुष्यभर भांडणं मिटवली होती आणि एव्हाना त्यांना या भांडणाचाही शेवट दिसला होता. "असं करू," ते मऊपणे म्हणाले. "घाई कशाला? बाईंना शंका आहे, ती योग्यच आहे. नवीन काच लावू. आजचं मत राखून ठेवू. कुणाला दोष नको, कुणाचा विरस नको. आणखी थोडं बघू." वकील म्हणाले, "तुमचाच शब्द, बाई. घ्या." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विनंती होती, आणि विनंतीच्या तळाशी खात्रीही होती. तो शब्द तिने इतक्या वेळा उच्चारला होता की तो आता त्या सगळ्यांचा झाला होता, येऊन बसायच्या बाकासारखा. त्यांनी तो पुसून तिच्यासमोर ठेवला होता आणि ती बसेल याची वाट बघत होते. बसली असती तर संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं नसतं. नवी काच लागली असती. शनिवार पुन्हा आले असते.

तिने त्यांच्याकडे पाठ केली. पाठीला, खांद्यांवर, चुना लागलेला असणार हे तिला माहीत होतं, आणि तो दिसू दे असं तिला वाटलं. समोर काळा गुळगुळीत दगड होता, त्यावर पाठींचे आणि तळहातांचे आकार एकमेकांत मिसळून गेलेले. तिने घसा साफ केला. आवाज मागे, रंगमंचावरून पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे असं तिने मनाशी ठरवलं, आणि तो गेला.

"बघून झालं," ती म्हणाली. "ही भिंत पाडायला माझी संमती नाही."